गचके, पाटे आणि मागची सीट : अँबॅसिडर, फियाट आणि हेराल्डमधल्या आरामाचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून हे इतिहासाचं व्याख्यान आहे की गॅरेजमधलं, असं काहींना वाटलं असेल. थोडं थोडं दोन्ही आहे. आपण राजांचा इतिहास लिहितो, कारखान्यांचा लिहितो, संपांचा लिहितो. पण माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना त्याच्या पाठीचं काय झालं, हे सहसा कोणी लिहीत नाही. आणि गंमत अशी, की जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा बोलतात ते त्याच्याबद्दलच. इंजिन किती सीसीचं होतं हे आठवत नाही. ‘‘अँबॅसिडरमध्ये बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटायचं’’ हे मात्र आठवतं. लगेच दुसरा कोणीतरी म्हणतो, ‘‘छे, फियाटच बरी. अँबॅसिडर नुसती झुलायची.’’ हा वाद लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठेही सुरू होतो आणि कधीच संपत नाही.

मला या वादात निकाल द्यायचा आहे असं नाही. पण दोन्ही बाजू काहीतरी खरं सांगताहेत, ते काय, हे तपासता येतं. आणि तपासताना एक तिसरीच गोष्ट हाती लागते. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आधी शब्दांकडे जाऊ. इंग्रजीत ‘राइड कम्फर्ट’ हा एकच शब्दप्रयोग सगळ्याला चालतो. मराठीत आपल्याकडे त्यासाठी चांगला साठा आहे, आणि तो बहुधा बैलगाडी, दमणी आणि टांग्यापासून चालत आला असावा. गचका, हिसका, दणका, हेलकावा, थरथर, आणि सगळ्यात अस्सल म्हणजे ‘गाडी लागणे’. हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत. हेलकावा सावकाश असतो. गचका एकदाच बसतो. थरथर सतत चालू असते. इंजिनिअर ज्याला कंपनसंख्या म्हणतात, म्हणजे सेकंदाला किती वेळा वरखाली, तिच्या वेगवेगळ्या पट्ट्यांना आपल्या आज्यांनी वेगवेगळी नावं देऊन ठेवली आहेत असं म्हटलं तरी चालेल.

आकडे घेऊ. सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षाही सावकाश हेलकावा असेल तर पोटात ढवळतं. बोट लागते ती त्यामुळे. घाटात गाडी लागते त्यात वळणांचा आणि ब्रेकचा भाग मोठा, पण जातकुळी तीच. सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली झालं तर माणसाला त्रास वाटत नाही, कारण चालताना आपलं शरीर साधारण तशाच गतीनं वरखाली होत असतं. ही गोष्ट मोटारीच्या सुरुवातीच्या काळातल्या इंजिनिअरांच्या लक्षात आली होती. मात्र सेकंदाला चार ते आठ वेळा हादरे बसले तर ते सगळ्यात वाईट, कारण बसलेल्या माणसाचं धड, पोटातले अवयव, सगळं त्याच लयीत थरथरायला लागतं. १९७४ साली यावर आंतरराष्ट्रीय मानक निघालं. पण आपण ज्या गाड्यांबद्दल बोलणार आहोत त्या त्याच्या वीस-वीस वर्षं आधी आखलेल्या. तेव्हा आराम मोजायचं यंत्र म्हणजे माणसाची बैठक.

आता स्प्रिंगचं साधं गणित. गाडीच्या वजनानं स्प्रिंग जितकी जास्त दबते तितका झोका सावकाश. पंचवीस सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एक झोका. दहाच सेंटिमीटर दबली तर दीडपेक्षा थोडे जास्त. म्हणजे मऊ गाडी हवी तर स्प्रिंगला दबायला भरपूर जागा पाहिजे. लहान गाडीत ती जागा आणायची कुठून? लहान मोटारींच्या आरामाची सगळी कथा या एका प्रश्नाभोवती फिरते.

दुसरी एक गोष्ट १९३० च्या दशकात कळली. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. त्यानं एक चाचणीगाडी केली, जिच्यावर वजनं पुढे-मागे सरकवता यायची, आणि माणसांना तिच्यात बसवून विचारलं, आता कसं वाटतं? त्याला आढळलं ते असं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. पुढची बाजू झोका घ्यायला लागलेली असते, तेवढ्यात मागची सुरू होते. दोन्ही एकाच गतीनं झुलल्या तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलत राहते. पण मागची स्प्रिंग थोडी जलद असेल, तर ती पुढच्या झोक्याला गाठते आणि दोन्ही टोकं एकदम वरखाली होतात. म्हणजे गाडी सपाट राहते. तोवरच्या गाड्यांत नेमकं उलट होतं. पुढे ताठ आस आणि कडक पाटे, मागे मऊ. पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केल्याशिवाय पुढची बाजू मऊ करता येत नव्हती. १९३४ च्या सुमाराला मोठ्या अमेरिकन गाड्यांत ते झालं, आणि युद्धानंतर युरोपातल्या मध्यम गाड्यांतही आलं.

आपल्या दोन्ही नायिका याच पिढीतल्या. पुढची चाकं सुटी, मागे मात्र सलग आस आणि कमानपाटे.

अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्स ही बिर्लांची कंपनी १९४२ साली निघाली, सुरुवात गुजरातेत ओखा बंदराला, मग कारखाना गेला बंगालमध्ये उत्तरपाड्याला. आधी मॉरिसच्याच जुन्या गाड्या, मग लँडमास्टर, आणि १९५७-५८ च्या सुमाराला अँबॅसिडर. इंग्लंडमध्ये ती मालिका १९५९ ला संपली. आपल्याकडे गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली.

तिच्या पुढच्या बाजूला गुंडाळीची स्प्रिंग नाही. तिथे टॉर्शन बार आहे. म्हणजे एक लांब पोलादी कांब, गाडीच्या लांबीत आडवी टाकलेली. एक टोक पक्कं, दुसरं टोक चाकाच्या दांड्याला. चाक वर गेलं की कांब पिळली जाते, आणि पीळ सुटताना चाक परत खाली येतं. ओलं कापड पिळून सोडलं की ते उलगडतं ना, तसं. अॅलेक इसिगोनिसनं १९४८ च्या मॉरिस मायनरला हीच पद्धत दिली होती. तिचे दोन फायदे. कांब लांब असल्यानं हालचाल मोकळी मिळते. आणि वर्षानुवर्षांनी ती ‘बसली’, म्हणजे गाडी पुढून खाली आली, तर टोकाचे दाते एक-दोन घरं सरकवून गाडी परत उचलता येते. आपल्या मेकॅनिकांना हे अगदी पाठ होतं. कॅटलॉगमध्ये असो-नसो, दुरुस्तीनं परत मिळवता येणारा आराम हासुद्धा आरामच.

दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत, अँबॅसिडरला ९७ इंच, २४६४ मिलिमीटर. फियाटला २३४० मिलिमीटर. फरक साडेबारा सेंटिमीटरांचा, जेमतेम अर्ध्या वितीचा. एवढ्यानं काय होतं? दोन गोष्टी होतात. एक, तोच खड्डा घेताना गाडी कमी कोनातून डुलते. दुसरी जास्त महत्त्वाची : मागची सीट मागच्या आसापासून जरा पुढे सरकवता येते. सलग आसाच्या गाडीत आसाच्या डोक्यावर बसणं म्हणजे जात्यावर बसण्यासारखं. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

मग वजन. अँबॅसिडर अकराशे किलोच्या वर, फियाट नऊशेच्या आसपास. खड्ड्यात चाक आणि आस उसळतात, ती उसळी वरच्या देहानं जिरवायची असते. देह जड असेल तर तो कमी हलतो. शिवाय चाकं पंधरा इंची रिमची, टायर जाडजूड. फियाटची चौदा इंची आणि अरुंद. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, हे बैलगाडीवाल्याला न्यूटनच्या आधीपासून माहीत आहे.

आणि शेवटी सीट. आपण विसरतो, पण सीट ही गाडीची दुसरी सस्पेन्शन आहे. अँबॅसिडरची सीट म्हणजे आत स्प्रिंगा, वर काथ्याचा किंवा कापसाचा थर, वर रेक्झीन, आणि त्यावर घरोघरी आपापला टॉवेल. जमिनीपासून उंच. माणूस तिच्यात उतरत नाही, तो तिच्यावर खुर्चीवर बसावं तसा बसतो, गुडघे काटकोनात. धोतर, नऊवारी, संधिवात, यांतलं काहीही असलं तरी चढ-उतर सोपी. छपराची उंची इतकी, की गांधीटोपी किंवा फेटा कशाला लागत नाही. ‘सोफा’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो मुख्यतः यामुळे. टॉर्शन बारचं त्यातलं श्रेय निम्मंसुद्धा नाही, असं माझं मत आहे.

आता फियाटवाल्यांची बाजू. ‘‘नुसती झुलायची’’ हा आरोप खोटा नाही. अँबॅसिडरचे सुरुवातीचे शॉकअॅब्सॉर्बर तरफेचे होते. एक तेलाची डबी, तिच्यातून बाहेर आलेला हात, आणि तो हात चाकाबरोबर वरखाली. हे यंत्र तेल गाळायचं. तेल कमी झालं की झोका थांबवणारं कोणी उरत नाही. एका उंचवट्यावरून गेलं की गाडी तीन-चार वेळा नमस्कार करून मग शांत होणार. नंतरच्या मॉडेलांत नळीचे शॉकअॅब्सॉर्बर आले, पण लोकांच्या मनात चित्र बसलं ते आधीचं. त्यात बोरघाटासारख्या घाटात मागे पाच मुलं बसवली की प्रत्येक वळणाला ती एका बाजूला गोळा व्हायची. बेंच सीटला धरायला काही नाही. ‘गाडी लागणे’ या खात्यात अँबॅसिडरची शिल्लक भरपूर आहे.

फियाट ११०० म्हणजे दान्ते जाकोसाची गाडी, १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली. ती आपल्याकडे आणली वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं, मुंबईत कुर्ल्याला. कंपनी १९४४ ची. आधी डॉज, प्लिमथ अशा मोठ्या अमेरिकन गाड्या जोडायचे, मग लहान फियाट, १९५४ च्या सुमाराला ११००, १९६४ पासून ११०० डिलाइट. करार संपल्यावर १९७३ ला नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट आणि लगेच १९७४ ला पद्मिनी. लोकांनी दोन्ही नावांकडे दुर्लक्ष केलं आणि शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

तिच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, दोन दांड्यांची जोडी, आणि गाडी वळणावर कलू नये म्हणून एक आडवी कांब. शॉकअॅब्सॉर्बर नळीचे. परिणाम असा, की फियाट झुलत नाही. खड्ड्यात गेली, बाहेर आली, विषय संपला. वळणावर अंग सावरून जाते. चालवणाऱ्याला ती हलकी वाटते. बसणाऱ्याला मात्र प्रत्येक खड्ड्याचा हिशेब मिळतो. म्हणजे अँबॅसिडर गचक्याचा हेलकावा करते आणि फियाट हेलकाव्याचा गचका करते. माझ्या पिढीतल्या ज्यांना मळमळायचं ते फियाटच्या बाजूचे आणि ज्यांची कंबर धरायची ते अँबॅसिडरच्या, इतकी साधी ही फाळणी आहे असं मला कधी कधी वाटतं.

पण एक परिस्थिती अशी आहे जिथे फियाटची कडक मागची बाजू अचानक मऊ होते. गाडी भरलेली असताना. याचं गणित करून बघू. आई-वडील, आजी, तीन मुलं, सरासरी पंचावन्न किलो धरू, आणि डिकीत पन्नास किलो सामान. झाले ३८० किलो. नऊशे किलोच्या गाडीवर ही बेचाळीस टक्के वाढ आहे. आणि ती सगळीकडे सारखी पसरत नाही. मोठा भाग मागे जातो, कारण मागे चौघं आणि डिकी. मागच्या पाट्यांवरचा भार रिकाम्या गाडीच्या दीडपटीच्याही वर. आता कारखान्याला असे पाटे द्यावे लागतात की जे या भाराखाली बसणार नाहीत. म्हणून रिकाम्या गाडीत ते कडक. एकटा माणूस ऑफिसला निघाला तर मागची बाजू टणाटण उडते. तीच गाडी मे महिन्यात कोकणात निघाली, छपरावर कॅरियर, मागे मांडीवर मुलं, की पाटे दबतात, झोका सावकाश होतो आणि गाडी ‘छान चालते’. ‘‘भरली की गाडी बसते रस्त्याला’’ असं ड्रायव्हर लोक म्हणत, त्यात अंधश्रद्धा काही नव्हती.

तेव्हा ज्यांच्या आठवणीतली फियाट आरामाची आहे, त्यांनी ती बहुधा भरलेली अनुभवली आहे.

पाट्यांबद्दल अजून एक. पाट्यांचा जुडगा म्हणजे एकावर एक पट्ट्या. चाक हललं की पट्ट्या एकमेकींवर घासतात. त्या घर्षणानं झोका आपोआप आवरतो, हा फायदा. पण लहान हादऱ्याला पट्ट्या घसरतच नाहीत, जुडगा एखाद्या ठोकळ्यासारखा वागतो, आणि खडीच्या रस्त्याची बारीक थरथर सरळ माणसापर्यंत पोचते. नेमकी ती चार ते आठची वाईट पट्टी. पावसाळ्यात पाटे गंजले की हे आणखी वाढतं. म्हणून पाटे खोलून, घासून, मध्ये ग्रीस भरून परत बांधायचे. या कामाला एक दिवस जायचा, पण गाडी दोन इयत्ता वर चढायची. उलट बऱ्याच जणांनी काय केलं? गाडी मागून बसली म्हणून एक पाटा जास्तीचा टाकून घेतला. मग ती कायमची टेम्पो झाली.

इथे हेराल्डकडे वळतो, कारण तिची कथा मला तिघींत सगळ्यात बोलकी वाटते. स्टँडर्ड मोटर ही मद्रासची कंपनी. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय बहीण १९६१ मध्ये आली. कागदावर ही तिघींत सगळ्यात पुढारलेली. मागची चाकंसुद्धा सुटी. डिफरन्शियलच्या डोक्यावर एकच आडवा पाट्यांचा जुडगा, आणि दोन्ही बाजूंना पंखासारखे हलणारे अर्धे आस. एका चाकाला खड्डा लागला तर दुसऱ्याला त्याची खबर नाही. इतक्या लहान गाडीत हे त्या काळी विशेषच.

मग झालं काय? त्या पंखांची एक खोड असते. चाक वरखाली होताना त्याचा कोनही बदलतो. गाडी भरली की मागची दोन्ही चाकं खालून बाहेर फाकतात आणि टायर आतल्या कडेनं झिजतात. जोरात वळताना उलटं होतं, बाहेरचं चाक पोटाखाली मुडपायला बघतं. इंग्लंडमध्ये दोन माणसं बसणार, फार तर तीन. आपल्याकडे सहा. आपल्याकडच्या मालकांनी आणि मेकॅनिकांनी या रचनेवर कधी मनापासून विश्वास ठेवला नाही. शिवाय गाडी दोन दारांची. आजीला मागे बसवायचं म्हणजे पुढची सीट पाडायची आणि सगळ्यांनी मान वळवून उभं राहायचं. मद्रासनं पुढे चार दारांची हेराल्ड काढली. आणि १९७२ मध्ये तिचा पुढचा अवतार गॅझेल आला, तेव्हा कंपनीनं सुटी चाकं काढून टाकली आणि मागे सरळ सलग आस बसवला. जगभर गाड्या सलग आसाकडून सुट्या चाकांकडे चालल्या होत्या, आणि ही एक गाडी उलट्या दिशेनं गेली. याला मागासलेपण म्हणायचं का? मी नाही म्हणणार. सहा माणसं, मंद वेग, आणि नाक्यावरचा मेकॅनिक एवढं गृहीत धरलं तर निर्णय बरोबर होता. पण ‘आराम’ हा शब्द इथे ‘न बिघडणं’ या शब्दाला शरण गेला, हेही खरं.

आता हा प्रश्न येतो, की सुधारणा का झाल्या नाहीत. उत्तर तुम्हाला माहीत आहे : परवाना राज. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसते सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्स मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडत होती, ती १९५४ मध्ये थांबली. उरल्या या तीन कंपन्या. मागणी जास्त, गाड्या कमी, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. पुढे किमतीही सरकारनं बांधल्या. ज्या गिऱ्हाइकाला जे मिळेल ते घ्यायचं आहे, त्याच्या तुलनेला बाजारात वजन नसतं. तुलना होत होती, भरपूर होत होती. फक्त ती कारखान्यापर्यंत पोचायचं कारण नव्हतं.

एक विरोधाभास बघा. ज्या घराण्यातून अँबॅसिडर आली, त्याच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं १९६२ मध्ये मॉरिस ११०० काढली. आखणी इसिगोनिसची, सस्पेन्शन अॅलेक्स मोल्टनचं. स्प्रिंगच्या जागी रबर आणि पाणी, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या डब्या नळीनं जोडलेल्या. पुढच्या चाकाला खड्डा लागला की पाणी मागे जातं आणि मागची बाजू आधीच उचलते. ऑलीचा प्रश्न नळीनं सोडवला. फ्रान्समध्ये सित्रोएनची टूसीव्ही १९४९ पासून रस्त्यावर होती. तिच्या आखणीची अट प्रसिद्ध आहे : नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये. म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या स्वस्त गाडीतही हे जमत होतं. नांगरलेली शेतं आपल्याकडे काही कमी नव्हती.

अर्थात उलट बाजूही सांगायला हवी. पाणी-रबराचं सस्पेन्शन सोलापूर-विजापूर रस्त्यावर फुटलं असतं तर ते कोणी भरलं असतं? पाटा तुटला तर लोहार सांधून देतो.

आता ती तिसरी गोष्ट. या सगळ्या आठवणी कोणाच्या आहेत? नीट ऐका तर जवळजवळ सगळ्या मागच्या सीटवरच्या आहेत. मुलांच्या, साहेबांच्या, पाहुण्यांच्या. साहेबाची गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर, आणि साहेब मागे. पुढे डावीकडे शिपाई किंवा बॉडीगार्ड, उजवीकडे ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरला कोणी विचारलं, आराम कसा आहे? स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, जड क्लच, इंजिनची ऊब पायाशी, आणि बेंच सीट जी त्याच्या उंचीप्रमाणे नीट लागतच नाही, कारण ती हलवायची तर शेजारच्याचीही हलते. पाठीला आधार म्हणून त्यानं लाकडी मण्यांचं आसन टाकलं किंवा गोणपाटाची घडी. तीच त्याची दुरुस्ती.

मुंबईचे टॅक्सीवाले घ्या. कलकत्त्यात टॅक्सी म्हणजे अँबॅसिडर, मुंबईत म्हणजे फियाट. कारखाना कुर्ल्याला, सुटे भाग हाताशी, गाडी आखूड आणि वळायला सोपी. दिवसाचे दहा-बारा तास ती चालवणाऱ्याला मागच्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त गचके मिळाले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनं २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लेख आले, फोटो आले, लोकांनी शेवटची सफर केली. सगळे मागे बसून. बैठकीचा इतिहास लिहायचा तर पुढच्या उजव्या सीटपासून सुरुवात करायला हवी. त्यासाठी तोंडी साक्षी गोळा करणं अजून शक्य आहे, आणि ऐकणाऱ्यांत कोणी इतिहासाचे विद्यार्थी असतील तर त्यांच्यासाठी हे काम पडलेलं आहे. घरोघरच्या बायकांचंही तेच. गरोदरपणी तालुक्याला तपासायला जाताना कोणाची गाडी मागायची, अँबॅसिडर की जीप, हा निर्णय चेष्टेचा नव्हता. सस्पेन्शनच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

ऐंशीच्या दशकावरून पटकन जातो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. बारा इंची चाकं, आखूड, हलकी. वर सांगितलेल्या प्रत्येक निकषावर ती हरायला हवी होती. पण इंजिन थरथरत नव्हतं, गिअर लोण्यासारखा पडत होता, आणि चालवणारा आता बहुतेक वेळा मालकच होता. आरामाचं केंद्र मागच्या सीटवरून पुढे सरकलं. जुन्या कंपन्यांनीही गाड्या काढल्या, कॉन्टेसा आणि ११८ एनई, दोन्हींना मागे पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा. कॉन्टेसात बसलेले लोक आजही तिची आठवण काढतात, आणि त्यांच्या आठवणीला चांगला भक्कम आधार आहे. पण तोवर वेळ गेली होती. पुढे रस्ते बदलले. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला जो हेलकावा अँबॅसिडर घेते, तो सत्तरच्या दशकातल्या जुन्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला कोणी अनुभवलाच नव्हता. गाडी तीच, पण एका काळातला सोफा दुसऱ्या काळात होडी झाला.

आता प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यांनी विचारलं, की मग दोघींत जास्त आरामाची कोणती ते एका शब्दात सांगा.)

एका शब्दात नाही, दोन वाक्यांत सांगतो. खराब रस्ता, चाळीस-पन्नासचा वेग, मागची सीट, शॉकअॅब्सॉर्बर धड असतील तर अँबॅसिडर, आणि बऱ्याच फरकानं. घाट, किंवा तुम्ही स्वतः चालवत असाल, किंवा तुम्हाला गाडी लागत असेल, तर फियाट.

(दुसरा प्रश्न : घरी जुनी अँबॅसिडर आहे, मागून फार आदळते. काही करता येईल का?)

येईल. पाटा वाढवू नका, हे पहिलं. आधी मागचे कोणी टाकलेले जास्तीचे पाटे आहेत का मोजून घ्या, असतील तर काढा. मग जुडगा खोलून गंज घासा, ग्रीस भरा, आणि पाट्यांच्या दोन्ही टोकांचे रबर बुश बदला. ते दगड झालेले असतात, आणि अर्धा आवाज त्यांचाच असतो. टायरची हवा पेट्रोल पंपावरच्या मुलाच्या अंदाजानं भरू नका, मोजून भरा. शॉकअॅब्सॉर्बर तपासायला गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा : एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर गेले. आणि एवढं करूनही आदळली, तर मागे दोन माणसं बसवून बघा.